एका हाताला पेलेल असं मशीन

सांगली,
ता. १० नोव्हेंबर १९४६

चि. गंगाधर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून आधी ते लिहून टाकते. थंडी पडायला लागली. तुझा खोकला कसा आहे? खाणावळ बदललीस का?

एक काम आहे. खडकीला लढाईतलं उरलेलं सामान विकायला काढलंय, असं तूच मागे लिहिलं होतंस. त्यात लाकूड घासून गुळगुळीत करायचं विजेचं मशीन असतं म्हणे, हातात धरून चालवायचं. आमच्या शाळेतल्या शकुंतलाबाईंच्या भावानं मुंबईला एका कारखान्यात पाहिलं. तसं एखादं तुझ्या भावोजींसाठी बघशील का?

लष्करात जायच्या आधी कचेरीतून आले की हे मागच्या पडवीत लाकूड घेऊन बसायचे, ते तुला आठवत असेल. माझा पोळपाट, देव्हारा, तुझं अभ्यासाचं मेज, सगळं यांच्या हातचं. इटलीहून येऊन वर्ष झालं, पण पडवीचं दार यांनी उघडलेलं नाही. रंध्याला दोन हात लागतात आणि उजवा तर मनगटापासून गेलेला. डाव्या हातानं पॉलिश पेपर घासून पाहा, असं मी एकदा म्हणाले. हे उठून आत गेले. हल्ली बोलतात कमी. कमी म्हणजे, श्रावणापासून बोललेलेच नाहीत.

मी शाळेत असते तेव्हा शेजारच्या साळूबाई येऊन बसतात. तशी गरज काही नाही, त्यांचाही वेळ जातो. आडावर फळ्या ठोकून घेतल्या. पालापाचोळा फार पडतो.

मशीनचे प्रकार असतील तर सगळे नीट समजावून लिही. मला त्यातलं कळणार नाही, पण मी यांना वाचून दाखवीन. एका हाताला पेलेल असं हवं, एवढंच.

तुझी,
ताई


सांगली,
ता. २८ नोव्हेंबर १९४६

चि. गंगाधर,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं आणि घरात नवल घडलं. खोकल्याचं नंतर विचारते.

दिवे लावल्यावर मी पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिलं मशीन पट्ट्याचं, खरखरीत पट्टा गरगर फिरतो आणि काम झपाट्यानं होतं. दुसरं चकतीचं. तिसरं इस्त्रीसारखं चपटं, खाली पॉलिश पेपर लावायचा आणि ते जागच्या जागी थरथरत राहतं. वाचून झालं. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"पट्ट्याचं नको."

मला वाटलं, भास झाला.

"का हो?" मी हळूच विचारलं.

"ते पुढं ओढतं. एका हाताला आवरायचं नाही."

"मग चकतीचं?"

"चकतीची कड जरा टेकली की लाकडात खळगा पडतो." मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, "चपटं सांग त्याला. काम हळू होईल. होऊ दे."

गंगाधर, मी स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या डब्यावर डोकं टेकून रडले. तेव्हा चपटंच घे. बरोबर घासायचे कागद पाठव, जाड आणि बारीक दोन्ही.

साळूबाईंना रोज का बसवतेस, असं विचारलंस. श्रावणात हे घाटावरून कृष्णेत पडले. पाणी चढलेलं होतं. नाववाल्यांनी बाहेर काढलं. पाय घसरला, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुलाही तेच सांगते.

तुझी,
ताई


सांगली,
ता. १७ फेब्रुवारी १९४७

चि. गंगाधर यास आशीर्वाद.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू रागावलास. तुझं बरोबर आहे. माझ्याच्यानं लिहवत नव्हतं.

मशीन पोचल्याचं कळवलंच होतं. माधवनगरच्या गिरणीतला वायरमन बिराप्पा येऊन बघून गेला. म्हणाला, "बाई, ह्ये अमेरिकेचं हाय. आपल्या करंटावर सरळ लावलं तर लगोलग जळंल." त्यानं मध्ये एक जडसा ट्रान्सफॉर्मर बसवून दिला. हे त्याच्याशी बोलले, त्याला चहा पाजायला सांगितलं. पडवीचं दार उघडलं.

मग घरात सागवानाचा वास यायला लागला. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी मशीनची घरघर ऐकली की माझा जीव भांड्यात पडायचा. संक्रांतीला यांनी एक पाट पुरा केला. "बोट फिरवून बघ," म्हणाले. एवढा मऊ, की माझंच बोट खरखरीत वाटलं. मी साळूबाईंना म्हणाले, आता नका येत जाऊ.

त्यानंतर एकदा मी शाळेतून लवकर निघाले. गल्लीत आवाज नव्हता. पडवीत आले तर मशीन बंद, आणि हे जमिनीवर बसलेले. थोटा हात पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत बुडवलेला. तोंडात पंच्याचा बोळा.

"काय झालं?"

"हात भाजतोय."

"बघू, कुठला?"

"जो नाही तो."

एका हातानं ते मशीन भरकटतं. म्हणून हे वरून थोटा हात टेकवायचे. ती थरथर हातातून वर चढते आणि गेलेली बोटं एकेक करून पेटतात. पहिल्या दिवसापासून पेटत होती. पाट झाल्यावर तर लाकडाला हातसुद्धा लावला नव्हता, तरी आग थांबली नव्हती.

"मग रोज आवाज यायचा तो?"

"तुझ्या शाळेची घंटा इथवर ऐकू येते. घंटा झाली की चालू करायचो. तुला बरं वाटायचं."

मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. असं पुष्कळांना होतं, म्हणाले, आणि औषध नाही. मी तरी वेड्यासारखी विचारत राहिले, गंगाधरला चकतीचं पाठवायला सांगू का, नाहीतर पट्ट्याचं बघू या का?

"मला आता काही निवडायला सांगू नकोस," हे म्हणाले. त्यानंतर बोललेले नाहीत.

गेल्या आठवड्यात हे पुन्हा घाटावर गेले. या खेपेला मी वेळेवर पोचले. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून यांचा सदरा धरून ठेवला. पाय घसरला नव्हता, गंगाधर. श्रावणातही घसरला नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोलले. स्वतःशीही बोलत होते, म्हणून तुझ्याशी बोलता आलं.

उद्या शाळेत राजीनामा देते. मोठ्या बाई थांब म्हणतील, पण साळूबाई तरी किती दिवस पुरणार? कोरेगावला दीर आहेत, त्यांचं घर माणसांनी भरलेलं असतं. तिथं कुणाची ना कुणाची नजर राहील. मुलींना सहामाहीनंतरचा भूगोल शिकवायचा राहिला. शिकवणं ही एकच गोष्ट माझी होती. असं मनात येतं आणि मग मला माझीच लाज वाटते.

मशीन बिराप्पाला देऊन टाकलं. जाताना दारात म्हणाला, "लय चांगलं मशीन हाय बाई. निवडणारा जाणता हाय." हे आतच बसले होते. ऐकलं असेल.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू कळवलेल्या तिन्हींत तेच बरं होतं. पुढं कोरेगावच्या पत्त्यावर लिही, पण उपाय लिहू नकोस. तिकडच्या हवेबद्दल लिही, खाणावळीतल्या आमटीबद्दल लिही. मी मोठ्यानं वाचीन. ऐकतील असं मला वाटत नाही, तरी वाचीन.

आज तरी दोघांचे आशीर्वाद घे.

तुझी,
ताई