यांच्या पाठीवरचा ट्रॅपेझियस

लालबाग, जानेवारी १९८४
मंगळवार संध्याकाळ

उद्या मालिशच्या वर्गात तोंडी परीक्षा, आणि ट्रॅपेझियस हे स्नायूचं नाव काही केल्या लक्षात राहत नाही. सातवी शिकलेल्या बाईच्या तोंडात ही नावं बसणार तरी कशी? शेवटी यांनाच म्हटलं, "सदरा काढा, मला तुमची पाठ हवी आहे."

संपात गिरणी सुटल्यापासून हे घरात गप्प बसून असतात. वाटलं, खेकसतील. पण सदरा काढून माझ्याकडे पाठ करून बसले.

काजळाच्या बोटाने मानेपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत रेघ ओढली. हा ट्रॅपेझियस. केवढा कडक! बाई शिकवतात, स्नायू आकुंचन पावतो, मग सैल होतो. यांचा सैल व्हायचं विसरलाच की काय? हलकेच दाबत राहिले.

"तिथेच दुखतं," हे म्हणाले. "मागावर उभा राहायचो तेव्हापासून."

इतक्या वर्षांत मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं!

मग काखेमागचा लॅटिसिमस डॉर्साय शोधायला गेले, तर हे टुणकन उडाले. "अगो, गुदगुल्या होतात!" आणि हसले. खरंच हसले. मलाही हसू आवरेना, तोंडातलं नाव अर्धंच राहिलं.

"पहिल्यापासून परत सांग गो," हे म्हणाले. "नीट सांग."

ट्रॅपेझियस. न अडखळता आलं!

आता गॅलरीत उघड्या पाठीने उभे आहेत. गेले कित्येक महिने शेजाऱ्यांना तोंड दाखवत नव्हते, आणि आज ओरडून बोलावतायत, "या रे, बघा! माझ्या पाठीवर बायकोची शाळा भरलीय!"