वन्संना वाचून दाखवण्याचे पत्र

नाशिक, माघ शुद्ध पंचमी, शके १८५७

तीर्थस्वरूप चतुरावन्संच्या पायांवर सिन्नरच्या सुनेचा लांबूनच नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? म्हैस दूध देते का? (पत्र तुमचे बंधूच वाचून दाखवणार, तेव्हा त्यांना आधी घोटभर पाणी द्यावे. पत्र लांब आहे.) तुमचे मागचे पत्र पोचले. अक्षर वळणदार होते. त्यात खोकला, म्हैस, सासूबाईंचा गुडघा, सगळे आले; लिहिणाऱ्याची प्रकृती तेवढी राहिली. पुढच्या वेळी ती सांगून लिहून घ्यावी. दिवाळीनंतर घरचे कुणी इकडे फिरकले नाही आणि मला फार एकटे वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे हसत वाचता येईल.

इथे बोर्डिंगात आम्ही मास्तरीण व्हायला आलेल्या, निम्म्या तर लेकुरवाळ्या, पण मंगलाबाई आम्हाला बिगारी यत्तेतल्या पोरींसारखा घरचा अभ्यास देतात. या खेपेला आधी आरोग्य. शांत झोपेसाठी काय करावे? पुस्तकात मोकळी हवा लिहिली आहे. मी लिहिले, शेजारी घोरणारी नणंद असावी. (रागावू नये. घरी तुमच्या घोरण्याच्या नावाने मी बोटे मोडली, पण इथल्या शांततेत डोळ्याला डोळा लागत नाही.) बाईंनी तांबड्या शाईने फुली मारली.

मग आयुष्यातले एखादे धाडस लिहायचे होते. कुणी विंचू मारला होता, कुणी गोदावरीच्या पुरातून कालवड ओढून काढली होती. माझ्या हातून आजवर झुरळही मेलेले नाही. तेव्हा खरे तेच लिहिले, की रविवारी पंचवटीत भाजी आणायला गेले आणि मेथीची जुडी हातात धरून मोटारअड्ड्यावर सिन्नरच्या मोटारीत जाऊन बसले. शेजारच्या म्हातारीने विचारले, "माहेरी चालली का गं?" म्हटले, "सासरी." तर म्हणते, "सासरी जायाला येवढी खुशी? येडी हाय का काय!" मोटार भरली, ड्रायव्हरने भोंगा दाबला, तशी मी खाली उतरले. बाई विचारतात, यात धाडस कोणते? उतरायला किती बळ लागते ते त्यांना काय सांगणार? त्यांचे घर इथेच, पलीकडच्या गल्लीत आहे.

शेवटी प्रेमकवितेच्या चार ओळी. आम्ही साऱ्याजणींनी, कुणी कुणाला न विचारता, उखाणेच लिहिले. कुणी चांदीच्या ताटात, कुणी तांब्याच्या घागरीत नवऱ्याचे नाव बसवले. बाई म्हणाल्या, ही कविता नव्हे, भांड्यांचे दुकान आहे. माझा उखाणा चांगला जुळला होता, पण चारचौघींनी आग्रह केल्याशिवाय नाव घ्यायचे तरी कसे? म्हणून नावाची जागा कोरी सोडली. बाईंनी शेरा दिला, 'अपूर्ण'. त्यांच्याशी या एकाच शेऱ्यावरून मी वाद घातला नाही.

सासूबाईंना दंडवत.

तुमची,
चंद्रभागा

ता. क. आमच्या स्वयंपाकीण भागुबाईंच्या आमटीला चव म्हणून नाही. कुणाच्या तरी हाती थोडे मेतकूट पाठवावे.

आणखी ता. क. इथून पुढचे वाचणाऱ्याने मनातल्या मनात वाचावे. वन्संनी विचारलेच, तर सर्वांना नमस्कार लिहिला आहे असे सांगावे. मेतकूट मला मुळीच आवडत नाही. ते घेऊन यायला माणूस लागतो, म्हणून मागितले. येत्या रविवारी आपणच या.