शेगडीपाशी वाळणारे बूट

प्रिय डेलिया मावशी,

जिच्या स्वयंपाकघरात एप्रिलपासून रोज समोरासमोर बसून चहा घेतला, तिलाच पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. समोर बोलायला गेले की मला नेमके शब्द सापडत नाहीत, हे तुम्ही जाणताच.

आई गेली, भाड्याचे घर सुटले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझी मागची खोली नुसती गारठून पडलीय. तू आलीस तर तिला तरी ऊब मिळेल." त्या वाक्याला उपकाराचा वासदेखील नव्हता.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना कोळशासाठी मिळणाऱ्या सरकारी इंधनभत्त्याच्या कार्यालयातल्या बाई ऑक्टोबरात चौकशीला आल्या. घरात कमावते माणूस आले की तुमचा हिवाळ्याचा भत्ता थांबणार, हे आपल्या टेकडीवरच्या अवघ्या वस्तीला ठाऊक होते. पोस्टमन पॅकी दारातूनच कुजबुजला, "अगं डेलिया, पाहुणी आहे म्हण! पाहुण्यांना कोण मोजतंय?" तुम्ही बाईंच्या देखत मोठ्याने म्हणालात, "पाहुण्यांचे बूट दाराशी असतात, पॅकी. हिचे माझ्या शेगडीपाशी वाळतात. घरची आहे ही. लिहून घ्या, बाई."

बाई गेल्यावर पॅकी चिडला. "खरं बोलून कोळसा मिळतो होय?"

"त्या भत्त्यात तुझ्याही पगारातून कापलेले पैसे असतात, मेल्या. तुला फसवून पाय शेकू?"

पॅकीने टपालाची पिशवी खांद्याला अडकवली आणि तो वाटेला लागला. मी मात्र त्या क्षणी, थोर माणसे केवळ पुस्तकांत शोधत राहिल्याबद्दल मनातल्या मनात ओशाळले.

भत्ता थांबला, तरी रोज संध्याकाळी मी ग्रंथालयातल्या कामावरून परतताना शेगडी धगधगत असे. ती दिवसभर पेटलेली असते, असेच मी समजत होते. नाताळाआधी एकदा दुपारीच घरी आले, तर तुम्ही कोट-टोपी घालून बटाटे सोलत होता आणि शेगडीत नुसती राख. "म्हातारीचं रक्त अजून उकळतंय गं!" म्हणून हसलात, पण बोटे निळी पडली होती. मी पैसे पुढे केले, तर म्हणालात, "घरच्या पोरीकडून कोळशाचे पैसे? उद्या श्वासाचंही भाडं मागेन!" तेव्हापासूनचा तुमचा खोकला भिंतीपलीकडून मला ऐकू येतो.

आज सकाळी माझी जड पिशवी पाहून तुम्ही विचारलेत, "पुस्तकं भरलीस की धोंडे?" मावशी, तिच्यात माझे कपडे होते. ग्रंथालयाजवळच्या बेकरीवरची खोली मी घेतली आहे; खालच्या भट्टीने तिच्या भिंती आयत्याच तापतात. भत्त्याच्या त्याच बाईंना आत्ता भेटून, मी तुमच्या घरी राहत नाही हे लिहून देऊन आले. तुमचा भत्ता पुन्हा सुरू होईल. "त्यांना माझा नमस्कार सांगा," असे त्या आवर्जून म्हणाल्या. तेव्हा आज संध्याकाळच्या बसची वाट पाहू नका. शेगडी आत्ताच पेटवा, एकट्या स्वतःसाठी. गुरुवारी मी येईन, आणि बूट दाराशीच काढीन. म्हणजे कुणी विचारले, तर तुम्हाला खोटे बोलावे लागणार नाही.

तुमच्याच घरची,
ब्लॉनिड

पॅकीच्या हाती दिले: सोमवार, १२ जानेवारी २०२६, दुपारी १२ वाजून २० मिनिटे.