रकाना अकरा: येथे राहण्याचे कारण

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
परकीय नागरिक नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्र. ३ च्या मागील खोली.

विषय: माझ्या गच्चीवरील खोलीत राहणाऱ्या परदेशी इंग्रजी शिक्षिका येथे नेमक्या का राहतात, याचा छडा आपल्या स्तरावर शुक्रवारपूर्वी लावून मिळणेबाबत.

संदर्भ:
१) परकीय भाडेकरू ठेवणाऱ्या घरमालकाने भरावयाचा नमुना, रकाना अकरा.
२) सदर नमुना परत करणारी आपली चार पत्रे.
३) खिडकी क्र. ३ वरील लिपिकबाईंशी झालेली तोंडी चर्चा, जी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीमुळे अपुरी राहिली.

महोदय,

१. मी आयुष्यात कोणावरही विनाकारण संशय घेतलेला नाही, ही बाब सर्वप्रथम नम्रतापूर्वक नमूद करतो. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस म्हणून माझी बत्तीस वर्षे सेवा झाली. त्या काळात सुमारे एकोणीसशे कुटुंबांवर संशय घ्यावा लागला, परंतु प्रत्येक वेळी कारण होते. माझे दोन्ही मेहुणे या आकड्यात धरलेले नाहीत. सेवेतून एकच तत्त्व घरी घेऊन आलो: जो मीटर कधीच तक्रार करत नाही, त्याला कोणीतरी हात लावलेला असतो.

२. माझे घर दुमजली आहे. तळमजल्यावर पत्र्याचे डबे ठोकणारा कारागीर आहे. वर आम्ही तिघे राहतो: मी, पत्नी (निवृत्त प्राथमिक शिक्षिका) आणि कन्या (वय सत्तावीस, रुग्णालयात टंकलेखिका, माझे सर्व अर्ज तीच टाइप करून देते). गच्चीवर एक खोली आहे. तीत दोन वर्षांपासून सदर शिक्षिका राहतात. वय पन्नाशीच्या आसपास, सामान दोन बॅगा आणि एक कुंडी. चौकातल्या शाळेत इंग्रजी शिकवतात. विद्यार्थ्याने काहीही उत्तर दिले तरी 'व्हेरी गुड' म्हणत असल्याने सर्व गल्ली त्यांना व्हेरीगुडबाई म्हणते, आणि हे त्यांच्या कानावर घातले असता त्या व्हेरी गुड म्हणाल्या. गेल्या उन्हाळ्यात चार दिवस पाणी येणार नाही, असे सांगायला मी स्वतः वर गेलो. तेव्हाही तेच. दोन वर्षांत एक तक्रार नाही. मी सावध झालो तो तिथे.

३. आपले पूर्वाधिकारी रकाना अकरा वाचत नसत. आपण वाचता, हे खात्याच्या दृष्टीने भूषणावह असले तरी मला चार वेळा जिना चढावा लागला आहे. रकान्यात 'येथे राहण्याचे कारण' असे छापले असून पुढे एक ओळ जागा आहे. पहिल्या वेळी बाईंनी सांगितल्याप्रमाणे 'येथे आवडते' असे लिहिले. आपण 'आवड हे कारण नव्हे' असा शेरा मारून नमुना परत केला. मी आपल्याशी सहमत आहे. दुसऱ्या वेळी त्यांनी 'शांतता' असे सांगितले. खाली सकाळी सातला डबे ठोकायला सुरुवात होते, म्हणजे हे सरळसरळ खोटे होते. तरी मी ते लिहिले. पण अक्षर जरा बारीक काढले. तिसऱ्या वेळी 'हवामान'. ज्या खोलीत छतातून तीन ठिकाणी गळते आणि खिडकीचे दार दोरीने बांधलेले आहे, त्या खोलीतल्या माणसाने हवामानाचे नाव काढावे, हे मला घरमालक या नात्याने टोमण्यासारखे वाटले. चौथ्या वेळी 'मुलांना शिकवण्याची हौस'. हे मी पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "एकोणतीस वर्षं शाळेत काढली. हौस असलेलं माणूस मला एकच भेटलं. ती पुढे पोस्टात लागली." सबब हेही टिकले नाही.

४. चार वेळा चार कारणे देणाऱ्या व्यक्तीकडे पाचवे कारण असते व तेच खरे असते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आसपास विचारणा केली. पत्नीच्या मते बाई नवऱ्याला कंटाळून आल्या असाव्यात. त्याहून वेगळे कारण तिला सुचत नाही, आणि हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती. समोरच्या शिंप्याच्या मते त्यांच्या हातून तिकडे काहीतरी घडले असावे, कारण त्या कपडे शिवून घेत नाहीत, जुनेच दुरुस्त करून घेतात. थोरला मेहुणा, जो स्वतः तालुका सोडून कुठे गेलेला नाही, त्याने हेरगिरीचा संशय व्यक्त केला. आमच्या गल्लीत शिंपी, शिड्यांचे दुकान आणि शाळा आहे; यात हेरण्यासारखे काय, असे मी विचारले. "तेच तर," तो म्हणाला. "संशय येऊ नये म्हणूनच इथे ठेवलीय." मुख्याध्यापकांना मी शाळेच्या फाटकाशी गाठले. ते म्हणाले, असे लोक येतात, मास्तर होतात. तिकडे ही भाषा पोराटोरांना येते, त्यामुळे ती येणाऱ्याला कोणी खुर्ची देत नाही, इथे आल्या आल्या टेबल-खुर्ची मिळते आणि मुले उभी राहतात. मीही उठून गेलो असतो, असे म्हणून ते घंटा वाजवायला गेले.

५. प्रत्यक्ष पुरावा म्हणून नमूद करतो की, बाईंना महिन्यातून एकदा मायदेशाहून एक पाकीट येते. पैकी एक पाकीट उजेडासमोर धरले गेले. कोणी धरले, हा मुद्दा येथे गौण आहे. आत चौकोनी घरे असलेला, अर्धवट अक्षरे भरलेला कागद होता. मेहुण्याने ही सांकेतिक लिपी असल्याचे जाहीर केले. ते वर्तमानपत्रातून कापलेले शब्दकोडे आहे, असे कन्येने सांगितले व पाकीट माझ्या हातातून घेऊन वर देऊन आली. ती वर जाते, आणि रोज जाते, हे मला त्या दिवशी नीट कळले.

६. येथून पुढील मजकूर नमुन्याच्या चौकटीत बसत नाही, याची जाणीव ठेवून लिहीत आहे. कन्या आठ महिन्यांपासून बाईंकडे इंग्रजीचा सराव करते. रुग्णालयात पुढच्या जागेसाठी उपयोग होईल, असे तिने सांगितले होते व मी खूश होतो. एकदा तिने मला इंग्रजीत काहीतरी भराभरा सांगून दाखवले. मला कळले नाही. मी व्हेरी गुड म्हणालो. ती काय बोलली होती, ते मागच्या महिन्यात समजले. तिला परक्या देशात, जिथे सकाळ आपल्या आधी होते, एका शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली आहे. म्हणजे मी त्या दिवशी तिला मंजुरी दिली, असे तिचे म्हणणे आहे.

७. मी तिचा तिकडचा अर्ज तपासायला मागितला. त्यात जन्मतारीख, उंची, चष्मा आहे काय, पोहता येते काय, असे सगळे आहे. कारणाचा रकाना नाही. एक तरुण मुलगी आईबाप, नोकरी, ओळखीचे रस्ते सोडून येते आणि तिकडच्या एकाही अधिकाऱ्याला का हे विचारावेसे वाटत नाही! कुठेतरी पाणी मुरते आहे. आपल्यासारखा अधिकारी तिकडे असता तर हा अर्ज चार वेळा परत आला असता व तोपर्यंत तिचे मन बदलले असते.

तेव्हा तो रकाना मीच भरायचे ठरवले. सलग तीन संध्याकाळी तिला विचारले की, काय कमी आहे? खोली लहान वाटते का, कोणी काही बोलले का, लग्नाचा विषय आम्ही फार काढतो का. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पहिल्या दोन दिवशी 'नाही' म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, व्हेरीगुडबाईंना तुम्ही सहा महिने विचारताय, इथे का राहता म्हणून. मी सत्तावीस वर्षं राहतेय. मला कधी विचारलंत?"

हे तुझे घर आहे, असे मी म्हणालो. आपण हे उत्तर रकाना अकरात मान्य केले नसते, हे मला बोलता बोलताच कळले.

जाणार किती दिवसांसाठी, असे विचारता तिने 'एकच वर्ष' असे सांगितले. पत्नीने ते मान्य केले असून बॅगही बाजारातून आणली आहे. माझे प्रश्न चालूच राहिल्याने पत्नीच म्हणाली, "पुरे. तुमचा मीटर बंद करा आता."

८. म्हणून गेल्या रविवारी सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह बघण्याच्या निमित्ताने मी गच्चीवर गेलो. बाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. व्हॉल्व्ह तीन वेळा उघडून बंद केल्यावर मी सरळ विचारले की, सरकारी कागद बाजूला ठेवा, मुलीचा बाप म्हणून विचारतो, तुम्ही आपला देश सोडून इथे का आलात? त्यांना आपली भाषा बऱ्यापैकी येते. त्या म्हणाल्या, "एका वर्षासाठी आले होते."

किती वर्षे झाली, मी विचारले. अकरा, त्या म्हणाल्या. आमच्या आधी तीन घरे झाली.

घरी काय सांगून निघालात, हा माझा पुढचा प्रश्न होता. त्यांनी चिमटा लावला. "आईला एक वर्ष सांगितलं होतं. तेव्हा ते खरंच होतं. मग ती दर वर्षी विचारायची, परत का येत नाहीस. मी कारण सांगायची. दर वर्षी वेगळं. आता ती विचारत नाही. अर्धं कोडं ती सोडवते, उरलेलं मला पाठवते."

टाकी व्यवस्थित आहे, असे सांगून मी खाली आलो.

महोदय, ज्या कारणासाठी मी नवरा, गुन्हा, हेरगिरी एवढ्या वाटा तुडवल्या, ते इतकेच निघाले. नवऱ्याचा जाच असता तर बरे झाले असते, असे मला वाटले, हे लिहिताना संकोच होतो. गळती सापडली की बुजवता येते. मी बत्तीस वर्षे तेच केले. पण जोडण्या ठीक, नळ्या ठीक, कोणी हात लावलेला नाही आणि तरी पाणी कमी होते आहे, अशा प्रकरणावर आमच्या खात्याकडे उपाय नव्हता. अशा फायली आम्ही 'निरीक्षणाखाली' असा शेरा मारून कपाटात ठेवत असू.

९. (हा परिच्छेद टाइप करून देण्यास नकार मिळाल्याने माझ्या हस्ताक्षरात जोडला आहे.) माझी विनंती अशी की, कन्येची निघण्याची कागदपत्रे काहीतरी त्रुटी काढून परत करण्यात यावीत. या कामातला आपल्या कार्यालयाचा हातखंडा मी जवळून पाहिला आहे. त्रुटी मोठी असण्याची गरज नाही; फोटोत कान दिसत नाहीत, एवढीही चालेल. तुमची मुलगी परकीय नागरिक नाही, त्यामुळे ती आमच्या अखत्यारीत येत नाही, असे लिपिकबाईंनी डबा उघडता उघडता सांगितले. हे मान्य. परंतु येत्या शुक्रवारी ती कुठेतरी परकीय नागरिक होणारच आहे. आपण फक्त तीन दिवस आधी लक्ष घालायचे आहे.

१०. वरील विनंती मान्य होणे नियमात बसत नसल्यास पर्यायी विनंती अशी की, व्हेरीगुडबाईंना आपल्या कार्यालयात बोलावून खरे कारण लेखी घ्यावे. आपल्या खुर्चीसमोर माणूस बोलतो, असे ऐकून आहे. कारण वाईट निघाले तर ते कन्येला त्वरित कळवावे. चांगले निघाले तर फक्त मला कळवावे, तिला नको. कारण निघालेच नाही तर बाईंना येथे राहू द्यावे. त्यांना घालवून देण्याचा माझा हेतू कधीच नव्हता. त्यांच्या आईचे पाकीट ज्या पत्त्यावर येते तो पत्ता आता बदलू नये, एवढे मला वाटते. खोलीचे छत या आठवड्यात दुरुस्त करून घेत आहे.

अर्जावर पंचेचाळीस दिवसांत निर्णय होतो, असे आपल्या कार्यालयातील फलकावर लिहिले आहे. तो फलक मी चारही वेळा वाचला आहे. तरीही हा अर्ज करत आहे, यावरून निकड लक्षात यावी.

आपल्या पाचव्या शेऱ्याच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र व जिन्याच्या पायऱ्या पाठ झालेला,
(सही)
घरमालक, निवृत्त मीटर तपासनीस
मंगळवार, ता. १६

सोबत:
१) घरमालकाचा नमुना, पाचव्यांदा. रकाना अकरात 'एका वर्षासाठी आल्या होत्या' असे लिहिले आहे. याहून खरे मला सापडले नाही.
२) परिच्छेद ९, हस्तलिखित, एक पान.
३) शब्दकोडे, एक. बाईंच्या परवानगीने. डाव्या कोपऱ्यातले तीन शब्द मी कन्येच्या मदतीने सोडवले आहेत.

ता. क.: माझे अर्ज टाइप करून देणारी व्यक्ती शुक्रवारी सकाळी साडेसहाच्या गाडीने जात आहे. यापुढील पत्रव्यवहार माझ्या हस्ताक्षरात येईल, तो लावून वाचावा.