तांबड्या मोटारीची बेअरिंग

॥ श्री मत्स्योदरी प्रसन्न ॥

मी, रखमाजी वल्द कडूबा गाढे, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद, धंदा शेती व भाड्याची मोटार, आज माझ्याच घराच्या ओसरीवर बसून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि नरहरपंत ते लिहून घेत आहेत. साक्षीला जालन्याचा रामकिसन मिस्त्री व शेजारचे मच्छिंद्र हजर आहेत. छातीत कळ येते, वैद्याने मान हलवली आहे, पण डोके जागेवर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, धमकावलेले नाही, की गोड बोलून फशी पाडलेले नाही. फशी पडायचे माझे वय होते तेव्हा मी मोटार घेतली. त्यानंतर कोणाची छाती झाली नाही.

जमीन आणि घर तोंडी सांगूनही भागले असते. एकच पोरगा आहे, भांडणार कोणाशी? कागद करण्याचे खरे कारण खाली सातव्या कलमात आहे. माझ्या आंधळ्या बायकोची माझ्यामागे फसगत होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. पण पंत म्हणतात कागदाची रीत असते, आधी जमीन. तर आधी जमीन.

१. नाल्याकाठचे काळे रान व विहिरीतला हिस्सा मुलगा कारभारी याचा. बांधावरचा आंबा तोडू नये. त्याच्या सावलीला मोटार उभी राहते आणि ती जागा उताराची आहे. उतारावर उभी केलेली मोटार सकाळी कोणाच्या मिनतवाऱ्या न करता चालू होते.

२. राहते घर पत्नी तुळजाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, पुढे कारभारीचे. चुलीजवळची नाल्याकडची खिडकी बुजवू नये. कारभारीला तिथे धान्याची कोठी करायची आहे हे मला बराबर ठाऊक आहे. नाही म्हणजे बिलकुल नाही.

३. मुलगी द्वारकाबाई, दिली वाटूरला. तिला माझ्या आईचे चांदीचे गोठ द्यावेत. दिवाळीला तिला आणायला कारभारीने मोटार घेऊन स्वतः जावे. बैलगाडी पाठवू नये. बैलांचा तिला लग्नातच पुरेसा अनुभव आला आहे.

४. तो अनुभव असा, आणि त्याचा धनी माझा धाकटा भाऊ पुंजाराम. पंत म्हणतात असले मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हणालो, लिहा.

द्वारकाच्या लग्नाच्या वेळेला मोटारीची क्लचची बेअरिंग नुकतीच ओरडायला लागली होती. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. गिअर बदलताना डाव्या पायाने पेडल दाबले, की आतले एक कडे इंजिनाच्या फिरत्या भागाला जाऊन टेकते. ते कडे म्हणजे ही बेअरिंग. ती झिजली की पेडल दाबल्याबरोबर किंचाळते. पाय काढला की गप्प. नवी मिळेपर्यंत सांभाळून घ्यायचे, दुसरा इलाज नाही.

पुंजारामाला ते ओरडणे ऐकवेना. मी मांडवात गुंतलेला असताना त्याने आपल्या बैलगाडीखालचा वंगणाचा नळा सोडला, मोटारीचे झाकण उघडले आणि एरंडेल व काजळीचे ते काळे वंगण आत सगळे ओतले. मी नंतर गळा धरला तेव्हा म्हणतो, "दादा, गाडीचा आक वरडला तं वंगण देतोच की आपण! मंग मोटारीनं काय पाप केलं?"

पाप हे, की वंगण क्लचच्या पट्टीवर उतरले आणि तिची पकड सुटली. नवरानवरी बसली, बँड वाजला, वेशीबाहेरच्या चढाला इंजिन बोंबलते आहे आणि मोटार जागची हलत नाही. शेवटी पुंजारामानेच आपले बैल पुढे जुंपले आणि माझी मोटार अंबडपर्यंत ओढून नेली. रस्त्याने भेटेल त्याला रामराम घालत होता गडी! सासरी निघालेली द्वारका तोवर रडत होती. ते पाहून बाशिंग सरकेपर्यंत हसली. तिचे ते हसणे आठवले की आजही माझा राग अर्धा होतो. अर्धाच.

तर पुंजारामास माझी खिल्लारी जोडी द्यावी, आणि त्याच्याकडून जप्त केलेला वंगणाचा नळा आढ्याला टांगलेला आहे तोही परत द्यावा. मोटारीचे झाकण मात्र त्याने जन्मात उघडू नये.

५. मोटार कारभारीची. मी ती घेतली तेव्हा गावात दुसरी नव्हती. रंग तांबडा, म्हणून नाव तांबडी. हिने गावातल्या बायका बाळंतपणाला जालन्याच्या दवाखान्यात नेल्या, धान्याच्या मोंढ्यावर व्यापारी नेले, आणि एकदा बिनचाकाची बैलगाडीही टपावर बांधून नेली. पुढच्या काचेतून सकाळी अंबडच्या देवीचा डोंगर दिसला की मला वाटायचे, या मुलखात माझ्याहून मोठा माणूस नाही. ते दिवस फार चांगले होते. कारभारी, ते तुलाही मिळोत.

पेडलवर पाय ठेवून बसू नये. थांबलास की गिअर काढ. चालत्या मोटारीत इंजिनाचा आवाज ऐकून, पेडल न दाबताच गिअर टाकायला मी तुला शिकवले आहे. अशी वागवली म्हणूनच मोडकी बेअरिंग आजवर टिकली. परवाच्या मोठ्या लढाईत पेट्रोल मिळेना आणि मोटार बरीचशी उभीच राहिली, तेही एक बरे झाले.

६. जॅक, पाने, हातोड्या रामकिसन मिस्त्रीला द्यायचा विचार होता. पंत म्हणतात, साक्षीदाराला काही देता येत नाही. मिस्त्रीने लगेच साक्षीवरून उठायची तयारी दाखवली, पण मी त्याला बसवले. हत्यारे कारभारीचीच.

७. आता बेअरिंग.

लढाई संपल्यावर मिस्त्रीने सिकंदराबादेहून नवी बेअरिंग मिळवून आणली. ती भिंतीतल्या देवळीत तेलकट कागदात गुंडाळून ठेवली आहे आणि मी ती बसवू दिलेली नाही. यावरून कारभारी माझ्याशी भांडला. "आबा, आणून ठिवली, मंग लावत का न्हाई? येखाद्या दिवशी सवारीसकट रस्त्यात बसून राह्यलो, मंग?" गाव म्हणते, म्हातारा चिक्कू झाला. म्हणू दे.

लढाईच्या सालांत तुळजाबाईच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडले. त्याआधी ती खिडकीतून मोटारीचे दिवे पाहायची. डोळे गेले त्यानंतर एकदा मी दिवेलागणीला घरी आलो, तर तव्यावर भाकर फुगत होती. विचारले, तुला कसे कळले? म्हणाली, "नाल्यापाशी तुमची तांबडी वरडती की. कोरडं जातं फिरवल्यावानी. ते आईकलं की मी तवा टाकते."

नाल्यात उतरताना गिअर बदलावा लागतो. मला तो पेडल न दाबता बदलता येतो, तोवर कधी दाबायचो, कधी नाही. त्या दिवसापासून मी तिथे मुद्दाम पेडल दाबत आलो आहे. मोटारीला ते वाईट, हे मला कळते. पण दिवसभर अंधारात बसलेल्या बाईला मी आलो हे कोणी सांगण्याआधी तिचे तिला कळायचे, आणि घरात पाऊल टाकले की तिचा चेहरा हसरा असायचा. त्यापुढे बेअरिंगची काय किंमत? म्हणून नवी बसवली नाही.

आता मी जाणार. कारभारी मोटार चालवणारच. नाल्यापाशी ती ओरडली तर ही बाई मी आलो म्हणून उठेल, चूल पेटवेल, आणि मग तिला आठवेल. रोज आठवेल. हे माझ्याने सहन होत नाही. म्हणून हुकूम असा, की माझी राख सावडायच्या आधी रामकिसन मिस्त्रीने नवी बेअरिंग बसवावी, आणि जुनी गोदावरीत टाकावी.

येथवर लिहून झाल्यावर पंतांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. तुळजाबाई चुलीपाशी होती. सातवे कलम झाले आणि ती भिंत धरत ओसरीवर आली. पुढे जे बोलणे झाले ते मी पंतांना जसेच्या तसे लिहायला लावले आहे.

ती म्हणाली, "पंत, ते सातवं खोडा."

मी म्हणालो, "अगं, तुझ्याच भल्याचं सांगून राह्यलो."

"मी आंधळी हाय, खुळी न्हाई. तुम्ही न्हाईत हे मला तवा टाकताना ठावं ऱ्हाईल."

"मंग कशाला टाकशील तवा?"

"आवो, त्या मोटारीतून तुम्ही येकलेच येता का? माझा कारभारी बी येतो दिवसभराचा भुकेजून. त्याला गार भाकर वाढू का?"

कारभारी ओसरीच्या कडेला मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, "माय, मी दाबत जाईन पेडल नाल्यापाशी."

"दाब. आन् मोडली तं नवी टाक, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मोडूस्तोर वरडू दे."

इतकी वर्षे मी समजत होतो, की तो तवा माझ्या एकट्यासाठी तापतो. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मग फार बरे वाटले. माझ्यामागे ती अंधारात नुसती बसून राहील ही धास्ती होती, ती गेली. तिला रोज कोणाची तरी वाट पाहायची आहे आणि तो रोज येणार आहे.

दुरुस्ती: सातव्या कलमातला हुकूम रद्द. नवी बेअरिंग तुळजाबाईच्या ताब्यात राहील. जुनी मोडेल तेव्हा ती आपल्या हाताने काढून देईल. तोवर कारभारीने नाल्यापाशी पेडल दाबावे, घरी येतानाच. जाताना दाबू नये. उगीच तवा तापेल.

हे सर्व मी ऐकले, मला पटले, म्हणून खाली सही करतो.

सही: रखमाजी वल्द कडूबा गाढे

साक्षीदार: रामकिसन मिस्त्री, जालना (सही)
साक्षीदार: मच्छिंद्र, वडीगोद्री (सही)

कायद्याने गरज नसता, मृत्युपत्र करणाराच्या आग्रहावरून: तुळजाबाई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्यास पीठ लागलेले असल्याने ठसा पुसट उठला आहे, तो खरा मानावा.

लेखक: नरहर, दस्तुरखुद्द. हुकुमावर काट माझ्या हातची.

मुक्काम वडीगोद्री, माघ शुद्ध पंचमी, शके १८६८, फसली सन १३५६.