ट्रान्सफॉर्मर गायब असल्याचा दाखला

तिरोडा, जि. गोंदिया
दसरा, २८ सप्टेंबर २००९

चि. जागेश्वर यास,

तुझा भाऊजी नंदलाल याचा आशीर्वाद. (नऊ वर्षांत एकही पाठवला नव्हता, तेव्हा साठून आला आहे, पुरवून वापर.) तुझी प्रकृती ठीक असेल, बायकोमुलं मजेत असतील, आणि पुण्यात तुला आमच्यासारखं पंख्याकडे बघत विजेची वाट पाहावी लागत नसेल असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या बहिणीचे गुडघे दुखतात, माझी कंबर दुखते. ही दोन्ही दुखणी वेळेवर येतात, वीज तेवढी येत नाही. फोन करता आला असता, पण घरातला मोबाईल शामकलाच्या कमरेला खोचलेला असतो आणि ती तुझी बहीण आधी, माझी बायको नंतर. शिवाय फोनवर माणूस मध्येच बोलतो. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, हे मला सोयीचं आहे.

सर्वांत आधी हे सांगतो की तुझ्यावर माझा राग नाही. सात वर्षं तू माझ्या दुकानात ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची तार गुंडाळायला शिकलास, माझ्या शेजारी बसून जेवलास, आणि दोन हजार सालच्या ऐन पोळ्याला कुठल्याशा कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पत्र्याची डबी आणून माझ्या टेबलावर ठेवलीस. म्हणालास, भाऊजी, हे शिकू या, यापुढे ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढाच राहणार. (लोक बैल सजवत होते आणि हे महाशय मला माझ्या धंद्याचं मर्तिक सांगत होते.) मी ती डबी रस्त्यावर फेकली. हे चिल्लर काम माझ्या दुकानात होणार नाही, असं म्हटलं. आणखी काही म्हटलं असेन तर मला आठवत नाही. तू डबी उचललीस आणि पुण्याची गाडी धरलीस. चपला मात्र दुकानातच विसरलास. असो. राग नाही.

आता झालं ते ऐक. चोरखमाऱ्याकडचे डोमनलाल रहांगडाले तुला आठवत असतील. त्यांच्या गावच्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला दरवर्षी माझाच ॲम्प्लिफायर जायचा, जो उचलायला दोन माणसं लागायची आणि ज्याच्यावर थंडीत मांजर झोपायचं. त्यांनी रविताला मागच्या उन्हाळ्यात आपल्या गोंदियाजवळच्या गोरेगावला दिलं. जावई योगराज हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. कंपनीनं सहा महिने युरोपात धाडलं, तर या पठ्ठ्यानं तिकडून सासऱ्यासाठी घरात गाणी ऐकायचा ॲम्प्लिफायर आणला. आपल्याकडे जावई घेतो, देत नाही. त्यामुळे गावाला पहिला संशय तिथेच आला. दुसरा संशय वजनाचा. किंमत म्हणे सेकंडहँड जीपएवढी आणि वजन तीन किलोसुद्धा नाही! रात्रभर वाजवलं तरी गरम होत नाही! तूच सांग, जे काम करताना तापत नाही ते काम करतं यावर कोण विश्वास ठेवील? आपल्याकडे बायका पाण्याचा पितळी गुंडसुद्धा हातात तोलून विकत घेतात.

तिजेच्या सणाला रविता माहेरी आली तेव्हा ते मशीन घेऊनच आली. चार दिवस वाजलं. पाचव्या दिवशी भारनियमन संपून वीज आली ती नेहमीसारखी उधाणून आली आणि मशीन बंद पडलं. डोमनलाल ते बगलेत मारून माझ्याकडे आले. (माझा ॲम्प्लिफायर कोणी बगलेत मारून दाखवावा.) माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "काऊन गा नंदलाल, या डब्यात काही हाये का नाई? हातात धरलं तं टिफिन धरल्यावानी वाटून राहिलं."

मशीन माझ्याकडे आलं तेव्हाच मेलेलं होतं, हे ध्यानात ठेव. मी ते उघडलं. आत लोखंड नाही. तांबं नाही. तळहाताएवढी एक पाटी, तिच्यावर मुंगीएवढे भाग, कोपऱ्यात खरोखरच सुपारीएवढं एक गुंडाळं, आणि शेजारी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत पत्र्याला चार छिद्रं. स्क्रूची. चौकोनात, बरोबर ट्रान्सफॉर्मरचे पाय बसतील अशी. आता तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्या माणसाला चार रिकामी छिद्रं दाखवून तो काय म्हणेल? मी म्हटलं, डोमनलालजी, यातला मेन माल कोणीतरी काढून घेतला. डोमनलाल स्टुलावर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, लिहून दे. मी दुकानाच्या लेटरपॅडवर लिहून दिलं: 'सदर मशीन तपासले असता आतील ट्रान्सफॉर्मर गायब आढळून आला.' खाली सही, सहीखाली शिक्का. (शिक्का तोच, तुझ्या वेळचा.)

तो कागद घेऊन डोमनलाल गणपतीत व्याह्याच्या घरी गेले. एकटे गेले असते तरी निभावलं असतं, पण ते चार पंच घेऊन गेले, आणि आरतीला जमलेल्या पाहुण्यांपुढे कागद वाचून दाखवला. म्हणाले, भेट द्यायची तर पुरी द्या, आतलं काढून खोकं काय देता? व्याही बिचारा प्रसाद वाटत होता. त्याच्या मुलाला भर घरात चोर म्हटलं गेलं, आणि तेही शिक्क्यासकट. त्यानं प्रसादाचं ताट खाली ठेवलं आणि सांगितलं की सून जिथे आहे तिथेच राहू द्या. तिजेला पंधरा दिवसांसाठी आलेली रविता तेव्हापासून माहेरीच आहे. आज दसरा झाला.

पितृपक्षात योगराज स्वतः आला. रागावून आला असता तर मी तोंड दिलं असतं, पण हा पोरगा शांत. डोमनलालच्या बैठकीत मला बोलावलं, गावातली दहाबारा माणसं बसली होती. त्यानं इंटरनेटवरून काढलेला एक रंगीत फोटो सतरंजीवर ठेवला: तेच मशीन, झाकण काढलेलं, तीच पाटी, तीच सुपारी, तीच चार छिद्रं. कंपनी एकच पत्रा दोनतीन मॉडेलना वापरते म्हणे, म्हणून ती छिद्रं रिकामी असतात. मी म्हटलं, फोटोत काय, फोटोतूनही कोणी काढला असेल. (कोणी हसलं नाही. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो.)

मग त्यानं ते कसं चालतं ते सांगितलं, आणि तिथे माझी खरी नाचक्की झाली. तू मला नळाचं उदाहरण दिलं होतंस, की जुना ॲम्प्लिफायर नळ अर्धवट उघडा ठेवतो आणि उरलेली ताकद तापण्यात घालवतो. नवा नळ पुरता उघडतो, पुरता बंद करतो, सेकंदाला लाखो वेळा. मी तेव्हा म्हटलं होतं, असं केलं तर नळ तुटतो. हा योगराज हुशार. त्यानं चोरखमाऱ्याच्या कालव्याचं फाटक घेतलं. फाटक अर्धं उघडायचंच नाही. उघडलं तर पूर्ण, बंद तर पूर्ण. कोणाला किती पाणी मिळालं हे फाटक किती वेळ उघडं राहिलं त्यावर. धानाच्या पाण्याच्या पाळीवरून जन्मभर एकमेकांची डोकी फोडलेली माणसं ती! एका दमात समजली. बकाराम म्हातारा, ज्याला घड्याळ वाचता येत नाही, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सोपं तं हाये नंदलाल. तुले काऊन नाई समजून राहिलं?" तीस वर्षांचा मिस्त्री मी, आणि सगळ्या बैठकीत एकटा अडाणी राहिलो.

योगराजनं जाताना सांगितलं की मशीन सासऱ्यांच्या बैठकीत पहिल्यासारखं वाजेल त्या दिवशी रविताला न्यायला येईन. मला हे पोरकटपणाचं वाटलं. रुसायचं पुरुषांनी, मशीननं बिघडायचं, आणि उंबऱ्यात बसायचं पोरीनं. पण तो चोर ठरला होता, मी नव्हतो, तेव्हा गप्प बसलो. मशीन तेव्हापासून माझ्या दुकानातच होतं, ते माझ्याच गळ्यात पडलं. डोमनलाल म्हणाले, "हे सारं तूच बिघडवून ठेवलं, तूच नीट कर." आता ते माझ्या नमस्काराला मान हलवतात, तोंड उघडत नाहीत.

गेल्या आठवड्यात रविता दुकानात आली. मी तिला एवढीशी असताना मंडईत भोंग्याजवळ कान दाबून उभी पाहिली आहे. बसली नाही. म्हणाली, "काका, मशीन नाई झाली तरी चालते. पन थो कागद चुकला मनून दुसरा लिहून द्या." मी तिला सांगितलं की या शिक्क्याखाली आजवर चूक लिहिलेली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि गेली. तुझ्या बहिणीनं हे पडद्यामागून ऐकलं. तेव्हापासून जेवण मिळतं, पण वाढताना ताट आपटतं. आज वाइंडिंग मशीनची पूजा केली, तीही मी एकट्यानं. हळदकुंकू द्यायला कोणी आलं नाही.

तर अशी आमची खुशाली. तुझ्या त्या सुपारीवाल्या विद्येनं एका घराचं कसं वाटोळं केलं हे तुला कळावं, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. बाकी काही मागणं नाही.

तुझा भाऊजी,
नंदलाल

ता.क. दिवाळीत भाऊबिजेला ये. बहिणीकडून ओवाळून घ्यायला आलो असं सांग, मी बोलावलं म्हणू नकोस. येताना तुझी हत्यारं आण. पाटीवरचे चार भाग काळे पडले आहेत. त्यांचे नंबर मी भिंगातून वाचून मागच्या पानावर उतरवले आहेत. दोन वाचता आले नाहीत. चपला उंदरांनी कुरतडल्या, नवीन घेऊन ठेवल्या आहेत. माप अंदाजे.

दुसरा ता.क. ते चार भाग काळे कसे पडले, हे तू पाटी बघताच ओळखशील, म्हणून मीच सांगतो. मशीन मेलेलं आलं नव्हतं. फक्त फ्यूज उडाला होता. डोमनलाल चहा प्यायला गेले तेवढ्यात मी तो बदलला आणि चालू करून पाहिलं. आपली जुनी कॅसेट लावली, मंडईतल्या दंडारीच्या नाचगाण्याची, तू माझ्याच ॲम्प्लिफायरवरून भरलेली. जागेश्वर, ढोलकीवरचं बोट ऐकू आलं. गाणाऱ्यानं श्वास घेतला तो ऐकू आला. आणि या सगळ्यामागे एक घूं घूं चालली होती. मशीन खराब आहे म्हणून मला आनंद झाला. कॅसेट थांबवली तर घूं घूं थांबली. मशीन गप्प होतं. ती घरघर माझ्या ट्रान्सफॉर्मरची होती, इतकी वर्षं गाण्याबरोबर लोकांना ऐकवत आलो आणि मलाच ऐकू आली नव्हती. मी मशीन बंद केलं. डोमनलाल आले तेव्हा झाकण उघडं होतं, मी छिद्रांवर बोट ठेवलं आणि कागद लिहिला. चांगल्या वाजणाऱ्या मशीनवर लिहिला. पुढे त्या छिद्रांत बसेल असा चार किलोचा ट्रान्सफॉर्मर मी तीन दिवस खपून बांधला आणि जोडला. माझंही खरं व्हावं असं वाटत होतं. धूर निघाला.

तिसरा ता.क. दुरुस्ती नाही जमली तरी चालेल. या पाकिटात दुसरा कागद घातला आहे. त्यावर लिहिलं आहे की ट्रान्सफॉर्मर कधीच नव्हता, पहिला कागद मी खोटा लिहिला आणि योगराजचा काही दोष नाही. सही केली आहे, शिक्का मारला आहे. तो तू रविताच्या हातात दे. तिचं घर माझ्या दुकानापासून जीपनं अर्ध्या तासावर आहे आणि मी तिचा कागद पुण्याला पाठवतो आहे, यावरून काय ते समज.