म्यानातला नवस

बिर्लानगर, ग्वाल्हेर
घटस्थापना

प्रिय बाबा,

पाकीट बघून घाबरू नका, घरी सगळं ठीक आहे. आईचं बीपी ठीक, ताई ठीक, कूलरची मोटर तेवढी जळली. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, आईला दे" म्हणता. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर तुमच्या सोसायटीच्या गेटवर कोणीतरी म्हणालंच असतं, "राव साहब, बिटिया ने क्या भेजा, सुनाओ." हे तुम्ही एकट्यानं वाचायचं आहे. बोट ठेवून, सावकाश, तुम्ही वाचता तसं.

आधी बातमी! बाबा, माझा लेख निवडला गेला! बाड्याजवळच्या मराठी वाचनालयातल्या सुधाताई आठवतात ना, जाड चष्म्याच्या? ग्वाल्हेरच्या मराठी मुलींनी स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहिलेल्या लेखांचं पुस्तक त्या काढतायत. चाळीस जणींनी लेख दिले होते, त्यातले अकरा घेतले आणि त्यात माझा पहिला! हो, अगदी पहिल्या पानावर. दसऱ्यानंतरच्या रविवारी वाचनालयात कार्यक्रम आहे आणि तिथे मला तो उभं राहून वाचायचाय. मी, जिची सगळी शाळा हिंदीतून झाली! मराठी लिहायला मी शिकले ती तुमच्या नॉयडाहून येणाऱ्या चिठ्ठ्या वाचून आणि आईच्या कॅलेंडरच्या मागची पानं वाचून. सुधाताईंनी माझी 'सीढी' खोडून 'जिना' केला. मी परत सीढीच केली. आपल्या घराला सीढीच आहे, जिना काकांच्या घराला आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ठेव बाई, तुझं घर आहे."

पण निवडलेला हा लेख मी आधी लिहिलेला नव्हे, दुसरा. पहिला मी फार गोड लिहिला होता. मिल बंद पडली, आजोबा खचले, बाबा परगावी गेले, आई लोकांकडे पोळ्या करायला लागली, ताईनं शाळा सोडून साड्यांना फॉल लावले, आणि आम्ही सगळे हसतमुखानं राहिलो. सुधाताईंनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण अवंतिका, यात कोणीच कोणाशी खोटं बोलत नाही. असं घर मी तरी बघितलेलं नाही." मला इतका राग आला, बाबा! टेंपोत बसून घरी येईपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होते. हजीऱ्याच्या चौकात राग उतरला. मग घरी येऊन मी एका बैठकीत दुसरा लेख लिहिला. त्यात आपला दसरा आहे.

आता रागावू नका. पुढे वाचा.

ताई पाण्याची बादली घेऊन सीढीवरून पडली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि आत रॉड घालावा लागला. तुम्ही तीन दिवस घरी नव्हतात, आणि आलात ते ऑपरेशनचे पैसे घेऊन थेट दवाखान्यातच. तेव्हा मला काही कळलं नाही. मला आठवतो तो त्यानंतरचा दसरा. पाटावर आपल्या घराण्याची तलवार मांडली होती, पण त्या वर्षी तिच्या मुठीला लाल फडकं गुंडाळून वर घट्ट गाठ मारलेली. महिपतकाका दरवर्षीसारखे सोनं द्यायला आले आणि दरवर्षीसारखेच म्हणाले, "काढ बाहेर, बघू तरी घराण्याची निशाणी." तुम्ही पटकन म्हणालात, "नको दादा, नवस बोललोय. या घरात कोणी पदवीधर होईपर्यंत तलवार म्यानातच राहील." काका केवढ्यांदा हसले. "अरे, मोठी नववीत घरी बसली, धाकटीला पाढे येत नाहीत. गंजून जाईल ती म्यानात!" तुम्हीही हसलात. पण तुमचे कान लाल झाले होते, ते मी पाहिलं.

मला मात्र तो नवस फार आवडला! माझ्यासाठी एक तलवार थांबली आहे, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरले. पाढे पाठ केले. वर्गातल्या गरिमानं विश्वास ठेवला नाही म्हणून तिच्याशी कट्टी केली.

दोन वर्षांनी, दसऱ्याच्या सकाळी, तुम्ही आंघोळीला गेला होतात. रांगोळी काढताना मी पाट सरकवायला म्हणून तलवार उचलली, आणि ती अशी हलकी वर आली की मी मागे पडता पडता वाचले. गाठ सुटली. फडक्यात मूठ नव्हतीच. आजोबांचा धोटा होता, मागावर सूत इकडून तिकडे नेणारा, मिलमधून ते शेवटच्या दिवशी घेऊन आलेले तो, लाकडी, टोकांना लोखंड, बोटांनी घासून गुळगुळीत झालेला. त्याचं एक टोक म्यानात खुपसलेलं. आत बाकी काही नाही. मी घाबरून फडकं परत गुंडाळलं आणि वर वेणीच्या रिबिनीसारखं फूल बांधलं. मला तेवढंच येत होतं. तेवढ्यात ताई लंगडत आली, तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते फूल सोडलं आणि अगदी तुमच्यासारखी गाठ मारली. मग म्हणाली, "रांगोळी वाकडी झालीय, नीट काढ." म्हणजे तिला माहीत होतं. आणि आईचं काय? ते लाल फडकं दर दसऱ्याला नवंकोरं असतं, बाबा. तुम्ही आदल्या संध्याकाळी गाडीनं येता, तेव्हा ते आधीच बदललेलं असतं. बदलतं कोण?

दहा वर्षं आम्ही तिघी तुमच्यापासून लपवत आलो की आम्हाला माहीत आहे. एकमेकींशीसुद्धा बोललो नाही. या महिन्यात लेख लिहून झाल्यावर मी तो आधी ताईला वाचून दाखवला. पाटणकर बाजारात, दुकान उघडायच्या आधी, तिच्या पिकोच्या मशीनजवळ. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं सलवारीवरून मांडी थोपटली आणि म्हणाली, "लिही की, आपली तलवार इथे आहे. रोज टेंपोतून उतरून बाड्यापासून इथपर्यंत चालते, दिवसभर उभी राहते, अजून गंजली नाही." ते वाक्य मी जसंच्या तसं घातलंय. लेख त्याच वाक्यावर संपतो. आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "फडक्याचं लिहायची काय गरज होती?" आणि मग पोळ्या लाटता लाटता दोनदा ते फडक्याचंच परत वाचायला लावलं.

आता खरं सांगते. जूनमध्ये माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा काकांनी पेढे वाटले. मनापासून वाटले, त्यांचं वाईट नाही लिहिणार. पण तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतायत, "नवस फिटला! या दसऱ्याला आमच्या अवंतिकेच्या हातात नंगी तलवार देऊन फोटो काढणार." सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलंय. आणि रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, या दसऱ्याला सुट्टी नाही, नवा सुपरवायझर कडक आहे. बाबा, एका वर्षी तुम्ही जनरलच्या डब्यात संडासाच्या दाराशी उभे राहून आला होतात. तापात आला होतात. दसरा तुम्ही एकदाही चुकवला नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. नवस बोलताना तुम्हाला सुचलं ते सगळ्यात लांबचं, या घरात कधी घडणारच नाही असं. बारावीनंतर मला घरी बसवलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. तुमचं गुपित जन्मभर म्यानात राहिलं असतं. पण तुम्हीच माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही करायला एका रात्रीत येऊन गेलात. दुसऱ्या वर्षी मी पेपर सोडून देणार होते तेव्हा तुम्हीच फोनवर ओरडलात, आयुष्यात पहिल्यांदा. मी पास होत गेले तसतसा हा दसरा जवळ येत होता, आणि तुम्हाला ते कळत होतं. तरी तुम्हीच मला ढकलत इथपर्यंत आणलंत. हे लेखात नाही. हे मला रविवारी फोन ठेवल्यावर कळलं.

म्हणून हे पत्र. लेखासाठी नव्हे. लेख छापायचा की नाही ते तुम्ही सांगाल तसं. तुम्ही नको म्हणालात तर मी सुधाताईंना तो पहिला, गोडवाला देऊन येईन आणि अजिबात रुसणार नाही. पण दसऱ्याला तुम्ही घरी या. काका येतील, सगळ्यांसमोर म्हणतील, "काढ आता बाहेर." तेव्हा तुम्ही काही बोलू नका, खाली बघू नका. फक्त म्यान उचलून माझ्या हातात द्या. नवस माझ्या नावाचा आहे, तर गाठही मीच सोडणार. धोटा बाहेर काढून पाटावर ठेवीन, हळदकुंकू वाहीन आणि काकांना सांगेन की आमच्या घरात बारा वर्षं याचीच पूजा होते आहे. दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात तशी अवजारंही पुजतात, आणि हे त्यांच्याही वडिलांच्या हातातलं आहे. मग ताईला शेजारी उभं करीन. फोटो काकांनीच काढायचा. मोटर दुरुस्त व्हायची आहे, तुमची खाट गच्चीवर टाकलीय, आणि आईनं नवं फडकं अजून आणलेलं नाही. म्हणाली, या वर्षी लागणार नाही.

तुमची वाट बघणारी, तुमचीच पदवीधर
अवंतिका